स्वेप्ट विंगवर ट्रान्झिशनची रेषा करवतीसारखी का?

प्रश्न: विंड टनेलमध्ये ४५ अंश स्वेप्टच्या (मागे झुकवलेल्या पंखाच्या) मॉडेलवर नॅफ्थलीन (हवेत उडून जाऊन प्रवाहाचा नमुना दाखवणारा लेप) फवारलं की प्रवाहाच्या दिशेने पट्टे उठतात, ट्रान्झिशनची (संथ प्रवाह खळबळता होतो तिथली) रेषा दातेरी येते. दाब तर घटता आहे. टॉलमिन-श्लिश्टिंग लाटा (प्रवाहाच्या दिशेने वाढत जाऊन ट्रान्झिशन घडवणाऱ्या) दबायला हव्यात ना?

टनेलवाला: दबल्याच आहेत. हा क्रॉसफ्लोचा, म्हणजे आडव्या प्रवाहाचा प्रताप. पृष्ठभागालगत हवेचा वेग कमी, पण दाबाचा ओढा तेवढाच, म्हणून ती आडवी सरकते. हा आडवा वेग पृष्ठभागावर शून्य, सीमास्तराबाहेर (पृष्ठभागालगतच्या मंद हवेच्या थराबाहेर) शून्य, मध्ये फुगवटा. तिथूनच भोवरे सुरू होतात, आणि घटता दाब त्यांना खतपाणीच घालतो.

सीमास्तर: पट्टे दर रनला त्याच जागी येतात का? येत असतील तर भोवरे स्थिर, दोष लीडिंग एजच्या (पंखाच्या पुढच्या कडेच्या) खडबडीतपणाचा. काही मायक्रॉनही पुरतात, तेव्हा आधी पॉलिश. टनेलचा टर्ब्युलन्स (येणाऱ्या हवेतली खळबळ) ०.२ टक्क्यांच्या वर असेल तर मात्र सरकत्या लाटा वरचढ होतात.

टनेलवाला: उलटी युक्तीही आहे: खडबडीतपणा मुद्दाम द्यायचा. संशोधक सॅरिक यांच्या ॲरिझोनातल्या प्रयोगांत सर्वाधिक वाढणाऱ्या भोवऱ्यांची तरंगलांबी (दोन भोवऱ्यांतलं अंतर) १२ मिमी होती. २.३ टक्के कॉर्डवर (पंखाच्या पुढून मागच्या रुंदीच्या) ६ मायक्रॉन उंचीचे ठिपके ८ मिमी अंतराने चिकटवल्यावर ट्रान्झिशन पंखाच्या मागच्या कडेकडे सरकलं, म्हणजे लांबलं. हेच अंतर १२ ठेवलंत तर नको तो भोवराच पोसाल.