प्रेग्नन्सी टेस्ट किट कुठलं घ्यायचं आणि नक्की कधी करायची?

गोंधळलेली_मी
मुलींनो, जरा मदत करा. माझी पाळी कधी २८ दिवसांनी येते तर कधी ३८, त्यामुळे ती चुकलीये की नुसती लांबलीये हेच कळत नाही. आज ३२ वा दिवस. घरात दोन प्रकारचे किट आणून ठेवलेत, एक ते साधं ड्रॉपरने थेंब टाकायचं आणि दुसरं पेनासारखं, ज्याच्या खोक्यावर पाळी चुकायच्या ५ दिवस आधीच कळतं असं छापलंय, आणि ते बरंच महागही आहे. काल दुपारी साधं करून बघितलं, एकच रेघ आली, म्हटलं चला निगेटिव्ह. पण रात्री टाकून द्यायला उचललं तर दुसऱ्या जागी अगदी पुसट, राखाडी अशी रेघ दिसतेय की नाही अशी!! नवरा म्हणतो तुला भास होतायत. आता पेनवालं वापरू का थांबू? आणि थांबायचं तर किती? डोकं फिरलंय नुसतं.

अबोली
रात्री दिसलेली रेघ सोडून दे गं. लघवी वाळली की तिथे अशी राखाडी खूण उमटते, जवळजवळ सगळ्याच किटवर कधी ना कधी उमटते. कागदावर लिहिलेल्या वेळेतच वाचायचं, बहुतेकांवर ३ ते ५ मिनिटं असतं, १० मिनिटांनंतर जे काही दिसेल ते धरायचंच नाही. आणि वाचून झालं की लगेच फेकून द्यायचं, परत परत उजेडात धरून बघत बसलं की काहीही दिसायला लागतं 😅

लॅबवाली
मी रोज ह्याच टेस्ट करते म्हणून जरा सविस्तर लिहिते, कंटाळा आला तर शेवटचा भाग वाच.

किट शोधतं एचसीजी नावाचं हार्मोन. ते गर्भ गर्भाशयात रुजायला लागल्यावरच तयार व्हायला लागतं, त्याआधी नाही. बीज बाहेर पडल्यापासून रुजायला साधारण ६ ते १२ दिवस लागतात, आणि रुजल्यावरही पहिल्या दिवशी ते इतकं कमी असतं की लघवीत सापडत नाही, मग दर २-३ दिवसांनी दुप्पट होत जातं. आता तुझंच गणित बघ. बीज पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी बाहेर पडतं. ह्यावेळचं चक्र २८ दिवसांचं असेल तर ते १४ व्या दिवसाच्या आसपास झालं, पण ३८ चं असेल तर २४ व्या दिवसाच्या आसपास, म्हणजे काल तू टेस्ट केलीस तेव्हा त्याला जेमतेम आठवडा झाला होता! अशा वेळी जगातलं सगळ्यात भारी किट आणलं तरी ते निगेटिव्हच दाखवणार, कारण सापडण्यासारखं काही नाहीच अजून. म्हणून ज्यांची पाळी अशी मागेपुढे होते त्यांनी पाळीच्या तारखेवर जाऊच नये, शेवटचा संबंध आला त्यापासून ३ आठवडे मोजावेत. त्यानंतरची निगेटिव्ह टेस्ट बऱ्यापैकी भरवशाची.

आता कुठलं किट. बरीचशी साधी किट २५ एमआययू प्रति मिली एवढं एचसीजी असलं की पकडतात, 'लवकर कळतं'वाली काही १० च्या आसपासही पकडतात. फरक एवढाच, दोन-तीन दिवसांचा. आणि ते ५ दिवस आधीचं जे छापलेलं असतं ना, त्याच्या आतला कागद उघडून बघ, तितक्या लवकर केलं तर प्रेग्नंट असूनही बऱ्याच जणींना निगेटिव्ह येऊ शकतं हे तिथे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. पाळी चुकून आठवडा झाल्यावर स्वस्त आणि महाग दोन्ही सारखंच सांगतात. माझं वैयक्तिक मत, पेनवाल्याचे पैसे हे फक्त हात ओले होऊ नयेत म्हणून असतात 😄 निळ्या रेघेच्या किटपेक्षा गुलाबी रेघेचं घे मात्र, निळ्यात वाळलेली खूण आणि खरी पुसट रेघ ओळखताना फार गोंधळ होतो.

करताना सकाळची पहिली लघवी घे, रात्रभर साठलेली असते त्यामुळे एचसीजी जास्त सापडतं. दिवसा करायची वेळ आलीच तर आधी तीन-चार तास लघवीला जाऊ नको आणि तांब्याभर पाणी पिऊन तर मुळीच करू नको. एक्स्पायरी बघ, पाकीट ऐन वेळी फोड. किटवर 'सी' (कंट्रोल, म्हणजे किट नीट चाललंय हे दाखवणारी) आणि 'टी' (टेस्टची, म्हणजे निकालाची) अशा दोन जागा असतात, 'सी'ची रेघच आली नाही तर किट बाद, मग 'टी'ला काही का दिसेना. आणि वेळेच्या आत, रंग असलेली, पूर्ण रुंदीची रेघ आली तर ती कितीही फिकट असली तरी पॉझिटिव्हच धरायची.

चिंगी_८
माझ्या जावेने साखरेवर टाकून बघायचं सांगितलं होतं, गोळे झाले की पॉझिटिव्ह म्हणे. कोणी केलंय का?

लॅबवाली
@चिंगी_८ साखर, मीठ, टूथपेस्ट, साबण ह्यातल्या कशालाच एचसीजी कळत नाही. नवऱ्याची लघवी टाकून बघ, एखादे वेळी त्यालाही दिवस गेलेले निघतील.

चिंगी_८
🤣🤣 आज रात्रीच बघते

निवांत_दुपार
एक राहिलं. ट्रीटमेंट चालू असेल आणि बीज फुटायला इंजेक्शन घेतलं असेल तर विचारूनच टेस्ट करा, त्या इंजेक्शनमध्ये बहुधा एचसीजीच असतं, त्यामुळे साधारण १०-१४ दिवस खोटं पॉझिटिव्ह येऊ शकतं. गर्भपात झाल्यावरही काही आठवडे येत राहतं.

गोंधळलेली_मी
बापरे, किती माहिती! इंजेक्शन वगैरे काही नाही माझं. सर्दीसाठी अँटिबायोटिक चालू होत्या त्याने काही होतं का? आणि शेवटचं जवळ आलो ते गेल्याच आठवड्यात, म्हणजे अजून दोन आठवडे थांबायचं??

लॅबवाली
अँटिबायोटिकने काही फरक पडत नाही, गर्भनिरोधक गोळ्यांनीही नाही. आणि नुसतं बसून राहा असं नाही गं, धीर धरवत नसेल तर दर ३-४ दिवसांनी सकाळी करत जा, पॉझिटिव्ह आलं तर लवकर कळेलच. फक्त निगेटिव्हवर शेवटचा शिक्का तेव्हाच मार. फारच घाई असेल तर रक्ताची बीटा एचसीजी करता येते, ती थोडी आधी सांगते. ५ च्या खाली निगेटिव्ह, २५ च्या वर पॉझिटिव्ह, मधलं आलं तर ४८ तासांनी परत. आणि मूल हवं असेल तर फॉलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी आत्तापासूनच चालू कर, त्यासाठी रेघेची वाट बघायची गरज नाही.

अबोली
ह्या थांबण्याच्या काळात एकच लक्षात ठेव. ओटीपोटात एका बाजूला जोरात दुखायला लागलं, अंगावरून जायला लागलं, चक्कर आली किंवा खांद्याच्या टोकाला विचित्र दुखलं, तर गर्भ नळीत रुजलेला असू शकतो. तेव्हा फिकट रेघ का गडद रेघ हे बघत बसू नको, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, रात्र असली तरी.