मदत हवी आहे: लेकीची हाडं ठिसूळ (ओआय). सगळे डॉक्टर एकत्र बसून बघतात असं कुठे आहे?

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असते, आज पहिलाच धागा काढतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

आम्ही तासगाव तालुक्यातले, द्राक्षबागवाले. लेक साडेतीन वर्षांची. आजार ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा, डॉक्टर नुसतं ओआय म्हणतात. आजवर सात फ्रॅक्चर. पहिलं बाविसाव्या दिवशी. न्हाऊ घालणाऱ्या मावशींनी पायांवर घेतलं, तेल लावलं, आपल्याकडे घेतात तसे हात-पाय आडवे घेऊन ताणले आणि पोर जी कळवळली ती गप्पच होईना. मांडीचं हाड. सगळ्या घरानं मावशींना बोल लावला. आजाराचं नाव कळलं ते दीड वर्षानं. मग मी त्यांच्या दारात जाऊन आले, पण त्या अजून नजर देत नाहीत. मधे एका दवाखान्यात मला बाजूला घेऊन "घरात कोण मारतं का पोरीला?" असंही विचारलं. विचारणं त्यांचं कामच असेल, पण डोळ्यातला पांढरा भाग निळसर आहे (ही ओआयची खूण) हे तेव्हा कुणी बघितलं नाही.

आता मुद्दा. डॉक्टर वाईट नाहीत, सुटे सुटे आहेत. हाडांचे डॉक्टर मिरजेत, ते प्लास्टर घालतात. बालरोगतज्ज्ञ सांगलीत, ते कॅल्शियम, व्हिटॅमिन डी तपासून सहा महिन्यांनी झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडचं (हाडं बळकट करणारं औषध) सलाइन लावतात. (पहिल्या सलाइननंतर ताप फणफणला. तो बऱ्याचदा येतो, हे आधी कुणी सांगितलं असतं तर रात्रभर रडले नसते.) दात करडे पडून झिजतायत, तर दातांचे डॉक्टर म्हणतात दुधाचेच आहेत, पडतील. एक म्हणतात पाय अजिबात हलवू नका, दुसरे म्हणतात नुसतं पडून राहिली तर हाड आणखी कमजोर होईल. या सगळ्यांची एकमेकांशी गाठ पडते ती फक्त माझ्या पिशवीतल्या फायलीत.

मावसभाऊ इंग्लंडात असतो. तिथे गंभीर ओआयच्या मुलांसाठी बर्मिंगहॅम, ब्रिस्टल, लंडन आणि शेफील्ड अशी चार खास केंद्रं आहेत. हाडांच्या आजाराचे डॉक्टर, सर्जन, नर्स, फिजिओ, घरात-शाळेत कसं वावरायचं ते शिकवणारे थेरपिस्ट, सगळी एकच टीम. तेवढं नको, पण त्यातलं निम्मं तरी पुण्या-मुंबईत कुठे मिळेल? मांडीच्या हाडात वाढता रॉड (हाड वाढेल तसा लांबणारा) घालायचा तर आत्ता की थांबून? आणि दुसऱ्या मुलाचा विचार करावा का? सासूबाई माझ्या सख्ख्या आत्या, त्यामुळे हा प्रश्न घरात कुणी काढतच नाही.

माहुलीकर: ताई, आमचा मुलगा नऊ वर्षांचा, सातारा. मुंबईचं केईएम हे 2021 च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणातलं केंद्र आहे. ओआयवरचे बिस्फॉस्फोनेट (तुमचं झोलेड्रॉनिक त्यातलंच) उपचार त्या धोरणाच्या यादीत आहेत. तिथे चौकशी करा. आम्ही महालक्ष्मीनं रात्री निघतो, सकाळी दादर. मूळ एक्स-रे न्या, मोबाइलवरचे फोटो चालत नाहीत. रॉडचं म्हणाल तर आमचा उभं राहायला धडपडत होता आणि मांडी वाकत चालली होती, तेव्हा सर्जन म्हणाले आता घालू. नुसतं वय बघून ठरवलं नव्हतं. आणि घरात सगळ्यांना शिकवा: काखेत धरून उचलायचं नाही, एक हात कुल्ल्याखाली, एक मानेखाली. चड्डी बदलताना पाय धरून वर ओढायचे नाहीत, कुशीवर वळवायचं. प्लास्टर निघाल्याबरोबर कोमट पाण्याच्या टबात खेळू द्या. यानं आमच्या पोराला जेवढं बळ आलं तेवढं कशानंच नाही.

बत्तीसशिराळा: आमच्याकडचा हाडवैद्य लेप लावतो, दाखवून बघा. आणि पायाचं सूप रोज.

धागाकर्ती: दादा, सूप आवडीनं पिते ती. पण हाड सांधणं ही अडचणच नाही, सांधतं चांगलं. हाडात कोलॅजन नावाचं जे प्रथिन जाळीसारखं असतं तेच जन्मापासून कमी किंवा सदोष आहे. लेप लावताना दाबलं तर आठवं व्हायचं.

मिरज_जंक्शन: जेनेटिक्सच्या प्रयोगशाळेत काम करते म्हणून लिहिते. बहुतेक मुलांत दोष COL म्हणजे कोलॅजनच्याच दोन जनुकांपैकी एकात असतो आणि कित्येकदा तो आई-बापात नसतो, मुलातच नव्यानं आलेला असतो. तसं असेल तर पुन्हा व्हायची शक्यता थोडी, पण शून्य नाही. नात्यातल्या लग्नात मात्र दोघांकडून एकेक सदोष प्रत येण्याचा प्रकारही बघावा लागतो. तो निघाला तर प्रत्येक गरोदरपणात 25 टक्के. आधी लेकीची तपासणी, मग तुम्हा दोघांची, आणि हे सगळं दिवस राहण्याआधी. आत्यांना सोबत न्या. डॉक्टरांच्या तोंडून ऐकू देत.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. आज एक्स-रे तारखेनं लावायला बसले तर पहिलाच सापडेना. आत्याच्या ट्रंकेत, लुगड्याखाली निघाला. तिनं जपून ठेवला होता म्हणाली. केईएमला येतेस का विचारलं, तर गाडी किती वाजता एवढंच बोलली. माहुलीकर, ओपीडीचे वार तेवढे व्यनित कळवाल का?