टीव्हीखालच्या कॉम्प्युटरला बुटका आणि शांत कूलर हवाय

— शनिवार, रात्री —

ए-२०३ : सोसायटीच्या ग्रुपवर कुणाला कॉम्प्युटरच्या पंख्यांतलं कळतं का? आमच्या टीव्हीखाली आडवा, बसका कॅबिनेट आहे, सिनेमे आणि मालिका बघायला. बाळ झोपल्यावर आवाज अगदी कमी ठेवून बघतो आम्ही. पडद्यावर कुणी हळू बोलायला लागलं की नेमकी खालून घरघर सुरू होते. पहिल्या वर्षी एवढा त्रास नव्हता. प्रोसेसर गार ठेवणारा, बुटका आणि शांत असा कूलर सुचवा, प्लीज.

डी-३०२ : ताई, वॉटर कूलिंग करा ना. एकदम गार.

सी-१०४ : टीव्हीखालच्या कॉम्प्युटरला नको रे. पंखा आणखी सावकाश फिरवता येतो, पण पाण्याचा पंप चालूच राहतो आणि त्याची बारीक गुणगुण शांत खोलीत ऐकू येते. शिवाय बसक्या कॅबिनेटमध्ये रेडिएटर, म्हणजे ते पाणी गार करणारी जाळी, बसवायला जागा कुठाय? ताई, कूलर विकत घ्यायच्या आधी तीन गोष्टी सांगा. प्रोसेसर किती वॉटचा आहे, कॅबिनेट कशात ठेवलाय, आणि आवाज नक्की कुठल्या पंख्याचा आहे.

ए-२०३ : प्रोसेसर सहा कोअरचा, ६५ वॉट लिहिलंय. सॉकेट, म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा, एएमडीची एएम-४. ठेवलाय टीव्ही युनिटच्या कप्प्यात, पुढे काचेचं दार. आवाज कुठला ते कसं ओळखायचं? सगळाच घरघरतो.

सी-१०४ : जाड कागदाची नळी करा, एक टोक कानाला, दुसरं कॅबिनेटच्या झाकणावर फिरवा. पॉवर सप्लाय, प्रोसेसर, हार्ड डिस्क, तिघांचे आवाज वेगवेगळे कळतात. हे आधीच करा. प्रोसेसरचा कूलर बदलून झाल्यावर आवाज पॉवर सप्लायचा होता असं कळलेले लोक मी पाहिलेत.

आणि काचेचं दार बंद असतं का?

ए-२०३ : हो, बाळ हात घालतं म्हणून.

सी-१०४ : मग अर्धा आजार तिथेच सापडला. कप्प्यात जी हवा गरम होते तीच पंखा परत ओढतो. आतली हवा ४५ अंशांवर गेली तर जगातला कोणताही कूलर प्रोसेसरला ४५ च्या खाली नेऊ शकत नाही. हवेवर चालणारा कूलर भोवतीच्या हवेच्या वर किती अंश, एवढंच ठरवतो.

बी-४०१ काका : हे फार महत्त्वाचं आहे, म्हणून मीही लिहितो. मी आयुष्यभर ब्लोअर आणि पंखे हाताळले. पंख्याचे तीन नियम आहेत. वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, दाब चौथाई होतो, आणि वीज आठव्या भागावर येते. आवाज मात्र साधारण १५ डेसिबलने उतरतो. कानाला १० डेसिबल म्हणजे जवळजवळ निम्मा आवाज वाटतो, म्हणजे १५ म्हणजे किती ते बघ. मिनिटाला २२०० फेऱ्यांवर ओरडणारा पंखा ११०० वर आणला की तो त्याच खोलीत आहे हे विसरायला होतं. तेव्हा प्रश्न "शांत पंखा कोणता" हा नाहीच. हा पंखा ११०० वर फिरूनही काम भागेल इतकी उष्णता कमी कशी करायची, हा आहे.

दुसरं. टेबल फॅन चालू कर आणि त्याच्या मागच्या बाजूला वही जवळ जवळ ने. जाळीपासून बोटभर अंतरावर आली की आवाज बदलतो, घोगरा होतो. तीच वही पुढे धर, तेवढा फरक पडत नाही. पंखा हवा ओढतो ती बाजू मोकळी हवी. बुटक्या कॅबिनेटमध्ये पंख्याचं तोंड झाकणाला टेकलेलं असतं, आणि झाकणाला बारीक भोकं. पाती त्या भोकांशेजारून गेली की शिट्टी ऐकू येते. झाकण काढून ऐक, मग सांग.

ए-५०१ काकू : काका, वही घेऊन लगेच करून पाहिलं. खरंच की. 🙂

— रविवार —

ए-२०३ : काका, दादा, सकाळी झाकण काढलं. कागदाच्या नळीने आवाज प्रोसेसरच्या पंख्याचाच निघाला, पॉवर सप्लाय गप्प आहे. झाकणाच्या कडेवर स्टीलची पट्टी आडवी ठेवली आणि दुसरी पट्टी पंख्यावर उभी धरली. मधे ९ मिमी. कूलरची उंची खोक्यावर ५४ मिमी दिलीय. म्हणजे प्रोसेसरपासून झाकणापर्यंत ६३ मिमी जागा.

आणि धूळ! पंखा सोडवून बाजूला केला तर खालच्या हीटसिंकच्या, म्हणजे धातूच्या ठोकळ्याच्या, फिन्सवर (पातळ पत्र्यांवर) राखाडी रंगाचा थर, नखाने धरून ओढला तर लोकरीच्या तुकड्यासारखा अखंड निघून आला. त्याच्या खालच्या बाजूला फिन्सच्या रेघांचा छाप उमटला होता.

ए-५०१ काकू : अगं बाई. माझ्याकडेही असंच असणार. कशाने साफ करायचं?

सी-१०४ : काकू, मऊ ब्रश आणि फुंकर मारायचा ब्लोअर. वीज पूर्ण बंद करून, प्लग काढून. एक लक्षात ठेवा, हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. नाहीतर तो भलत्याच वेगाने गरगरतो, बेअरिंग खराब होतं, आणि मग जो खडखडाट सुरू होतो तो साफसफाईने जात नाही.

ताई, थर मधेच असा अख्खा बसला होता म्हणजे हवा फिन्सच्या आत जातच नव्हती. पहिल्या वर्षी त्रास नव्हता म्हणालात ना, त्याचं कारण हेच. आता झाकण उघडं ठेवून अर्धा तास सिनेमा लावा आणि तापमान लिहून ठेवा. मग झाकण लावून, मग दार लावून. तीन आकडे द्या.

ए-२०३ : प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली थर्मल पेस्टही बदलली, जुनी वाळून खडूसारखी झाली होती. आकडे हे घ्या. झाकण उघडं : ६१. झाकण लावून, कप्प्याचं दार उघडं : ६९. दार बंद : ७८ आणि अजून चढत होतं, मग मीच थांबवलं. साफ करायच्या आधी दार बंद असताना ८४ असायचं.

बी-४०१ काका : शाब्बास. आकडे हातात असले की अंदाजाने खर्च होत नाही. बघ, नवा कूलर न घेता नुसत्या दाराने नऊ अंश खाल्ले.

ए-२०३ : पण काका, दार उघडं ठेवता येत नाही.

सी-१०४ : कप्प्याच्या मागची प्लायवूडची फळी काढता येते का? किंवा वायर जायला जे भोक आहे ते मोठं करता येतं का? गरम हवा वर जाते, त्यामुळे मागे वरच्या बाजूला वाट आणि दाराखाली दोन बोटं फट असली तरी पुरतं. दार तसंच राहू द्या.

आता सिनेमा बघताना प्रोसेसर ७० च्या घरात का जातोय ते बघू. सिनेमा बघणं हे आजकालच्या चिपला काम वाटतच नाही, वापर दोन-चार टक्क्यांवर असायला हवा. तुमचा किती दिसतो?

ए-२०३ : डिस्कवरच्या फायली लावल्या की ४ टक्के. ब्राउझरमध्ये ऑनलाइन बघितलं की ४०, कधी ५५. मी याच्याकडे कधी लक्षच दिलं नव्हतं!

सी-१०४ : सापडलं. डिस्कवरच्या फायली एचईव्हीसी या पद्धतीने दाबलेल्या असणार, त्या चिपमधला ग्राफिक्सचा भाग स्वतः उलगडतो. ऑनलाइनवाले आता बऱ्याचदा एव्ही-१ या नव्या पद्धतीचा व्हिडिओ पाठवतात. ते हार्डवेअरमध्ये उलगडायची सोय इंटेलच्या डेस्कटॉप चिप्सना अकराव्या पिढीत आली आणि एएमडीच्या डेस्कटॉपवर रायझन ७००० मालिकेपासून. तुमची चिप त्याआधीची आहे, त्यामुळे सगळं ओझं सहा कोअरवर पडतं. ब्राउझरला एव्ही-१ बंद करणारं छोटं एक्स्टेन्शन मिळतं. ते टाकलं की साइट जुन्या व्हीपी-९ पद्धतीचा व्हिडिओ पाठवते, आणि व्हीपी-९ तुमची चिप आरामात हार्डवेअरमध्ये उलगडते.

आणखी एक. ६५ वॉट लिहिलंय म्हणून ती ६५ च ओढते असं नाही. एएम-४ वर ६५ वॉटच्या चिपला सॉकेटमधून ८८ वॉटपर्यंत घ्यायची मुभा असते. बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये, कमी विजेचा इको मोड असेल तर ४५ वॉटचा पर्याय निवडा. सिनेमा बघताना काडीचाही फरक जाणवणार नाही. इंटेलवाल्यांनी हेच पीएल-१ आणि पीएल-२ या वॉटच्या मर्यादा कमी करून करायचं.

डी-३०२ : दादा, मग कूलर घ्यायचाच नाही? विषय तर कूलरचा होता 😅

सी-१०४ : घ्यायचा. पण आता. उष्णता कमी केल्यावर छोटा कूलरही पुरेल, आणि जागा ६३ मिमीच आहे.

१२० मिमीचा पंखा मिळाला असता तर सगळ्यात छान. मोठी पाती सावकाश फिरूनही तेवढीच हवा देतात. पण नॉक्टुआचा एनएच-एल१२एस ७० मिमी उंच आणि थर्मलराइटचा एएक्सपी१२०-एक्स६७ नावाप्रमाणे ६७ मिमी. चार मिमीने हुकलं. झाकण दाबून बसवायचा विचारही करू नका, सगळा भार प्रोसेसर आणि मदरबोर्डवर येतो.

राहिले ९२ मिमी पंख्याचे. नॉक्टुआचा एनएच-एल९ए ३७ मिमीचा, दोन हीटपाइप (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्या), पंखा १४ मिमी जाडीचा. थर्मलराइटचा एएक्सपी९०-एक्स४७ हा ४७ मिमीचा, चार हीटपाइप. पहिल्यावर झाकणापर्यंत २६ मिमी मोकळी जागा राहते, दुसऱ्यावर १६.

बी-४०१ काका : मी असतो तर १६ वाला घेतला असता. १० मिमी जास्त उंची म्हणजे तेवढ्या फिन्स जास्त. आणि १६ मिमी श्वास घ्यायला पुरतो, ९ पुरत नव्हता.

सी-१०४ : माझंही तेच मत. ३७ वाला फार सुबक आहे, जागा खरंच ४५-५० मिमी असेल तिथे त्याला तोड नाही, पण तुमच्याकडे जागा असताना ती का सोडायची? फक्त रॅम बघा. उंच शोभेच्या पट्ट्या लावलेली रॅम असेल तर फिन्स तिच्यावर येणार नाहीत ना ते मापून घ्या. आणि कोणताही घेतला तरी एएम-४ चा क्लॅम्प सोबत आहे याची खात्री करा. काही बुटके कूलर मदरबोर्डच्या मागून स्क्रूने आवळायचे असतात, मग अख्खा बोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढावा लागतो. एका संध्याकाळचं काम आहे, घाईत करू नका.

ए-५०१ काकू : बिनपंख्याचा नाही का मिळत? पंखाच नको, आवाजच नको.

सी-१०४ : मिळतो काकू. पण नॉक्टुआचा बिनपंख्याचा एनएच-पी१ हा १५८ मिमी उंच आहे, इथल्या ६३ मिमी जागेच्या दुपटीहून जास्त. दुसरा प्रकार म्हणजे अख्खा कॅबिनेटच हीटसिंक असतो, हीटपाइप प्रोसेसरपासून बाजूच्या जाड ॲल्युमिनियमच्या भिंतीला जोडलेल्या. तो सुंदर असतो, पण बंद कप्प्यात तोही भाजून निघेल. सगळं नव्याने घेणाऱ्याने इंटेल एन१०० सारखी ६ वॉटची चिप घ्यावी, एव्ही-१ सुद्धा येतं तिला. ताईंचा चालू कॉम्प्युटर मात्र फेकायचं कारण नाही.

सेक्रेटरी : चर्चा चांगली चाललीय, चालू द्या. फक्त उद्याच्या टाकी सफाईची सूचना वर पिन केलीय, ती सगळ्यांनी वाचा.

— पुढचा शनिवार —

ए-२०३ : ४७ मिमीचा बसवला. मागची फळी काढली. इको मोड ४५ वर, एव्ही-१ बंद. दार बंद ठेवून दोन तास सिनेमा, तापमान ५८. पण पंखा मधेच दोन सेकंद वर जातो आणि खाली येतो, दर दहा-पंधरा मिनिटांनी. सलग आवाजापेक्षा हे जास्त टोचतं.

सी-१०४ : तो बायोसमधल्या पंख्याच्या आलेखाचा (किती अंशांना किती वेग) दोष, कूलरचा नाही. मागे कसलं तरी छोटं काम सुरू होतं, चिप क्षणभर दहा अंश उडते आणि पंखा तिच्यामागे धावतो. हीटसिंक तापायला तर मिनिटं लागतात. आलेख असा करा : ६५ अंशांपर्यंत ९०० फेऱ्या, सपाट रेघ. तिथून ८० पर्यंत हळू चढ. ९० ला पूर्ण वेग. आणि वेग वाढायच्या आधी थांबण्याचा अवधी दिलेला असतो, तो जेवढा जास्त देता येईल तेवढा द्या. चिप ९५ पर्यंत सहन करते, ७० ला घाबरायचं काही नाही.

बी-४०१ काका : आणि पंख्याभोवती झाकणापर्यंत मऊ फोमची चौकट कर, १६ मिमी उंचीची. मधे मोकळी, कडेने बंद. मग पंखा झाकणाबाहेरची ताजी हवाच ओढेल, बाजूची गरम हवा परत आत येणार नाही. फोम पात्यांना लागणार नाही एवढं बघ.

— रविवार —

ए-२०३ : केलं काका, पॅकिंगमधल्या फोमच्या चार पट्ट्या कापून चिकटवल्या. तापमान ५४ वर आलं. पंखा ९०० वर, हलत नाही. काल रात्री आवाज नेहमीच्या निम्म्यावर ठेवून पूर्ण सिनेमा बघितला, एकही वाक्य मागे नेऊन ऐकावं लागलं नाही.

फक्त आता एक नवीन आवाज येतोय. बारीक, सलग, ऊंऽऽ असा. आधी नव्हता.

सी-१०४ : आधीही होता, पंख्याखाली दबला होता. हार्ड डिस्क असणार, ७२०० फेऱ्यांची आहे का? तिचा थरकाप पत्र्यात उतरतो आणि पत्रा गुणगुणतो. डिस्क बोटाने किंचित उचलून बघा, आवाज थांबला तर नक्की तीच.

ए-२०३ : थांबला!

सी-१०४ : मग स्क्रूंखाली रबरी वॉशर घाला. नाहीतर सिस्टिम एसएसडीवर ठेवून ही मोठी डिस्क राऊटरपाशी, दुसऱ्या खोलीत न्या आणि नेटवर्कवरून बघा. माझ्याकडे तशीच आहे. उद्या संध्याकाळी येतो, रबरं माझ्याकडे पडलीत.