छोट्या गावातल्या ब्रूपबमधे पहिल्यांदाच जेवायला चाललोय, काय मागवू?

मंडळी, बाळबोध प्रश्न आहे, हसू नका. शनिवारी आम्ही चौघं एका छोट्या गावात मुक्कामाला आहोत आणि तिथे एक ब्रूपब आहे म्हणे, म्हणजे बियर तिथेच बनवतात आणि जेवणही तिथेच. मी आजवर बाटलीतली थंडगार लागर सोडून काही प्यायलेलो नाही. त्यांचा मेन्यू उघडला तर आयपीए, स्टाउट, हेफेवायझन आणि प्रत्येकापुढे एबीव्ही, आयबीयू असले आकडे, डायरेक्ट केमिस्ट्रीचा पेपर आठवला. मला कडू झेपत नाही, आणि मित्र म्हणतो काळी बियर जबरी चढते. बायको पीत नाही, ती कंटाळेल का? जेवणाबरोबर काय घ्यायचं?

फेस_पुसून:
अहो हसायचं काय त्यात, सगळे असेच सुरू होतात. आधी मोठा ग्लास मागवूच नका. सँपलर आहे का विचारा, फळीवर चार-पाच छोटे ग्लास येतात, १००-१५० मिलीचे. आणि सौम्यपासून सुरू करून कडूकडे जा, मी एकदा शहाणपणा करून आयपीएपासून, म्हणजे सगळ्यात कडू प्रकारापासून, सुरुवात केली, त्यानंतरची गव्हाची बियर नुसतं पाणी लागली. एबीव्ही म्हणजे अल्कोहोल किती टक्के, आयबीयू म्हणजे हॉप्सचा (बियरमधे घालतात ती कडू फुलं) कडूपणा, पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका, माल्टचा (मोड आणून वाळवलेलं धान्य) गोडवा भरपूर असेल तर ४० आयबीयूसुद्धा जिभेला कळत नाही. तुम्हाला हेफेवायझन आवडेल बघा, तीच ती गव्हाची बियर, गढूळ असते आणि केळं-लवंगेचा वास येतो. केळं वगैरे काही घातलेलं नसतं हं, तो वास आंबताना यीस्टच तयार करतं.

काठावरचा:
तुमच्या मित्राला सांगा, काळा रंग भाजलेल्या धान्याचा असतो, त्याचा चढण्याशी संबंध नाही. गिनेस कंपनीची काळी ड्राफ्ट स्टाउट ४.२ टक्के, आणि दिसायला सोनेरी असलेली बेल्जियन ट्रिपल ८-९ टक्के. अर्ध्या लिटरच्या हिशोबाने बघा, ५ टक्केवालीत २५ मिली शुद्ध अल्कोहोल जातं, ९ टक्केवालीत ४५. रंग बघून बिनधास्त राहिलात तर तीच सोनेरी बया गुंगवते.

जेवणाचं म्हणाल तर झणझणीत पदार्थाबरोबर कडक आयपीए नको, हॉप्सनी तिखट अजूनच भडकतं. तिखटाला गव्हाची किंवा माल्टवाली गोडसर. तळलेल्याबरोबर पिल्सनर, त्यातल्या बुडबुड्यांनी तोंडातलं तेल धुऊन निघतं. चॉकलेटच्या डेझर्टबरोबर स्टाउट घेऊन बघाच. अवांतर, पिल्सनर हे नाव चेक देशातल्या पिल्झेन गावावरून पडलंय, १८४२ मधे तिथे ही फिकी लागर पहिल्यांदा निघाली, त्याआधी बियर बहुतेक गडदच असायची.

उगाचच_एक:
वरचे दोघं बरोबर बोलले पण एक राहिलं. छोट्या ठिकाणी मेन्यूवर सगळं असतं, टाकीत सगळं असेलच असं नाही. एल प्रकारातली बियर (हेफेवायझन, आयपीए, स्टाउट या सगळ्या एलच) दोन-तीन आठवड्यांत तयार होते, लागरला थंडाव्यात कित्येक आठवडे मुरावं लागतं, त्यामुळे छोट्या जागेत टाक्या अडकून पडतात आणि लागर संपली की संपली. म्हणून बसल्या बसल्या पहिलं हे विचारा की ताजं काय आहे. बनवणारा माणूस बऱ्याचदा तिथेच घुटमळत असतो, त्याला विचारलं की तो अर्धा तास सोडत नाही ही मात्र तयारी ठेवा.

दुसरं, वास घ्या. मला एका ठिकाणी लागर आणून दिली तिला चक्क लोण्याचा वास, पॉपकॉर्नसारखा. यीस्टचं काम पुरतं व्हायच्या आत बियर काढली किंवा नळ्या घाण असल्या की असं होतं. मी बावळटासारखा ती पूर्ण प्यायलो. तुम्ही सरळ बदलून मागा, भांडायची गरज नाही.

आणि वहिनींना "गाडी चालवायला आहेस ना" म्हणून नेऊ नका राव, पायी जाण्यासारखं अंतर असेल तर चालत जा. बिनअल्कोहोलचं घरचं जिंजर एल वगैरे असतं का तेही आधी फोन करून विचारा.

(मूळ प्रश्नकर्ता):
जाऊन आलो मंडळी! फळ्यावर पिल्सनरवर खडूने काट मारलेली होती, मी लगेच मोठ्या ऐटीत "टाक्या अडकल्या वाटतं" म्हणालो, तर तो बनवणारा माणूस येऊन आमच्या टेबलालाच टेकला. हेफेवायझन झकास, केळ्याचा वास खरंच येतो. स्टाउट मी भीत भीत घेतली आणि अर्धी बायकोच्या डेझर्टबरोबर संपली, म्हणजे डेझर्ट तिचं, खाल्लं मी. कंटाळा म्हणाल तर तिला काचेपलीकडच्या टाक्या दाखवायला तो घेऊन गेला आणि मी एकटा टेबलावर वीस मिनिटं रिकाम्या ग्लासाच्या आतली फेसाची वर्तुळं मोजत बसलो. आयपीए मात्र नाही झेपली, मित्राने संपवली.