मदत हवी आहे : शॉकअपचं सील चार हजार किमीत परत गेलं, आता खालचा बोल्ट नुसता गरगर फिरतोय

नमस्कार मंडळी. गाडी रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११ बाइक, २०१८ ची, ५२ हजार किमी झालेत. आधी अडलंय कुठे ते सांगतो. पुढच्या चाकाचा डावा शॉकअप (फोर्क) आत्ता सोसायटीच्या पार्किंगमध्ये पेपरवर आडवा पडलाय, ऑइल काढलंय, स्प्रिंग बाहेर आहे, आणि बॉटमच्या (खालच्या जाड नळीच्या) खालून जो अ‍ॅलनचा (षटकोनी खाचेचा) बोल्ट असतो ना, तो सुटत नाहीये. जाम नाहीये, मस्त फिरतोय, पण आतला डॅम्पर रॉडही, म्हणजे हा बोल्ट ज्यात बसतो ती नळी, त्याच्याबरोबर फिरतोय, त्यामुळे रात्रभर फिरवला तरी बाहेर येईल असं वाटत नाही. उजव्याचा मात्र एका झटक्यात सुटला होता, म्हणून जरा जास्तच हवेत होतो.

आता हे घरी का करतोय? गेल्या दिवाळीनंतर एका गॅरेजात दोन्ही बाजूंची सीलं बदलून घेतली होती. चार हजार किमी झाले नाहीत तोवर डावीकडे परत ऑइलचं कडं दिसायला लागलं. आधी वाटलं पावसाचं पाणी असेल, मग एकदा वरंध्यातून येताना पुढचा ब्रेक दाबला तर गाडी नाक खाली घालून बसली आणि थांबायला नेहमीपेक्षा चांगलीच लांब गेली. खाली उतरून बघतो तर ऑइल ओघळून ब्रेकच्या कॅलिपरपर्यंत आलेलं. गॅरेजवाल्याला दाखवलं तर म्हणे सीलच डुप्लिकेट येतात हल्ली, परत टाकू. परत टाकायचे परत पैसे, हे वेगळं सांगायला नको. मग म्हटलं आपणच उघडून बघू.

उघडल्यावर दोन गोष्टी दिसल्या. एक म्हणजे डस्ट सील (धूळ अडवणारं रबर) आणि सर्कलिप (सील जागेवर धरणारी तारेची कडी) काढल्यावर ऑइल सीलच्या वरच्या तोंडावर तांदळाच्या दाण्याएवढा खोलगट वण आहे, सरळ दिसतंय की स्क्रू ड्रायव्हर टेकवून हातोडीने ठोकत बसवलंय. उजव्या सीलला असलं काही नाही. दुसरं म्हणजे सीलमधून वर-खाली होणाऱ्या क्रोमच्या पाइपवर पुढच्या बाजूला, सील जिथे टेकतं तिथून बोटभर वर, गंजाचा बारीक ठिपका आहे. डोळ्याला मोहरीपेक्षा लहान, पण नख फिरवलं की अडकतं. बायकोच्या डब्यातला कापसाचा बोळा पाइपवरून फिरवला तर नेमके तिथेच तंतू लटकले. हा ठिपका मला वाटतं कोकणातला. आम्ही रेवसवरून खाली किनाऱ्याकिनाऱ्याने गेलो होतो, दिघी, वेसवी, दाभोळ, जयगड सगळ्या फेरीबोटी, गाडी बार्जवर खाऱ्या शिंतोड्यात उभी, आणि घरी आल्यावर मी शहाण्याने चार दिवस धुतली नाही. एखादा खडा आधीच लागून क्रोम उडालेलं असेल, त्यात मीठ बसलं.

ऑइलबद्दल काय सांगू, करड्या रंगाचं, उन्हात धरलं की पत्र्याच्या भुशासारखं चमकतंय आणि वास तर असा की खालच्या मजल्यावरच्या काकू विचारून गेल्या आज मासळी आणली का. डावीकडून उजवीपेक्षा जवळपास ७० मिली कमी निघालं, त्यातलं गळलं किती आणि मुळात भरलंच किती कमी कोण जाणे.

तर जाणकारांनी मदत करा. बोल्ट कसा सोडवू, पाइप नवीनच घ्यावा लागेल का या ठिपक्याचं काही करता येईल, आणि पुण्यात नाना पेठेत फोर्क ऑइलच्या १०डब्ल्यू (घट्टपणाचा आकडा) अशा दोन कंपन्यांच्या बाटल्या मिळाल्या, दुकानदार म्हणतो कुठलीही टाका सारखंच, ते खरं का? ब्रेक पॅड पॉलिश पेपरवर घासून चालतील का तेही सांगा. २५ तारखेला हंपीला निघायचंय, गाडीवर दोघं आणि सामान. आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १ :
भावा, बोल्ट स्प्रिंग काढायच्या आधी ढिला करायचा असतो, किंबहुना शॉकअप गाडीवर असतानाच. वजन आणि स्प्रिंग मिळून रॉड दाबून धरतात म्हणून तो फिरत नाही. उजव्याला नशीब होतं. आता घाबरू नकोस, स्प्रिंग आणि स्पेसर परत आत टाक, वरचं टोपण लाव, शॉकअप उलटा करून पायपुसण्यावर उभा धर आणि कुणाला तरी सगळं वजन टाकून दाबायला सांग. दाबलेला असतानाच बोल्टला बॅटरीवाली छोटी इम्पॅक्ट गन लाव, एकाच ठोक्यात निघतो कारण रॉडला फिरायला वेळच मिळत नाही. ट्रकच्या टायरवाल्याकडची गन लावू नको, अ‍ॅलनची खाच गोल होईल आणि मग रडशील. गन नाही मिळाली तर झाडूचा लाकडी दांडा टोकाला निमुळता तासून पाइपातून आत रॉडच्या तोंडात ठोकून बसव आणि तो धरून ठेव. अडाणी वाटतं पण चालतं. बसवताना बोल्टखालचा तांब्याचा वॉशर नवीन टाक, जुना टाकलास तर सील नवं आणि गळती खालून.

प्रतिसाद २ :
पाइप फेकू नका. आधी बघा ठिपका सीलच्या वाटेत येतो का. उजव्या पाइपला झिप टाय ढकलल्यावर सरकेल इतपतच आवळून खड्ड्यातून फिरलात तर सील कुठवर येतं ते कळेल, पण तुमचा बोटभर वरच आहे म्हणजे प्रत्येक खड्ड्याला सील त्यावरून घासतंय. नवीन सील टाकून पुन्हा तेच होणार, सीलचा दोष नाही. गंज सुईने कोरून साफ करा, पेट्रोलने पुसा, दोन भागांचं एपॉक्सी त्या खड्ड्यात भरा, रात्रभर वाळू द्या आणि मग १५०० आणि २००० चा पाणीपेपर. पेपर पाइपभोवती आडवा फिरवायचा, वर-खाली नाही, उभा ओरखडा पडला तर ऑइलला बाहेर यायला आयती पन्हळ मिळते. परत कापूस फिरवून बघा. क्रोम पापुद्र्यासारखं सुटत असेल तर मात्र हे मलम नको, हार्ड क्रोम करून ग्राइंड करून घ्या, भोसरीकडे होतं, नाहीतर नवा पाइप. आणि पाइप वाकलेला नाही ना तेही बघा, जाड काचेवर लोळवला की खालून उजेडाची फट कमी-जास्त होते.
सील बसवताना पाइपच्या तोंडाला प्लॅस्टिकची पातळ पिशवी ओढा, तिथल्या कडेने सीलचा ओठ कापतो. ओठाला ग्रीस, आणि ठोकायला पीव्हीसी पाइपचा तुकडा, आतून ४१ मिमीपेक्षा थोडा मोठा. मध्ये जुनं सील ठेवून त्यावर ठोका. सर्कलिपची खाच पूर्ण दिसेपर्यंत.
ऑइलबद्दल दुकानदार चुकतोय. या डब्ल्यूच्या आकड्याला फोर्क ऑइलमध्ये सगळ्यांचं मिळून एक माप नाही, एकाचं १० दुसऱ्याच्या ७ च्या जवळ असू शकतं. बाटलीच्या माहितीपत्रकात ४० अंशाला सेंटिस्टोक (घट्टपणाचं माप) किती ते बघा आणि दोन्ही पायांत (शॉकअपांत) एकाच बाटलीतलं घाला. मिली मोजून सोडू नका, स्प्रिंग बाहेर, पाइप पूर्ण खाली, दहा-पंधरा वेळा पंप करून हवा काढा, मग वरच्या कडेपासून ऑइलपर्यंतची उंची पट्टीने मोजा, मॅन्युअलमध्ये दिलेली. दोन्हीकडे सारखी हवी.
पॅड बदला. एकदा ऑइल प्यायलेला पॅड वरून घासला तरी तापला की आतलं परत वर येतं. डिस्क ब्रेक क्लीनरने पुसा.

मूळ धागाकर्ता :
दादा, झाडूचा दांडा! गन कुणाकडेच मिळाली नाही, स्प्रिंग घालून वॉचमनकाकांना वर उभं केलं तरी फिरतच राहिला, शेवटी दांडा तासून ठोकला आणि पाऊण मिनिटात बोल्ट हातात. नवा झाडू आणायचं कबूल केलंय घरी. आतला तांब्याचा वॉशर बघितला, एका बाजूने चपटा एका बाजूने जाड, गेल्या वेळी बदललाच नव्हता. एपॉक्सी काल भरलं, आज घासलं, कापूस आता कुठेच अडकत नाही. क्रोम घट्ट आहे. सील पीव्हीसीने बसलं, सर्कलिप टक् करून आत गेली तो आवाज ऐकून बरं वाटलं.

एकच शंका राहिली. सगळं जोडून गाडी दाबली तर खाली जाते पण वर येताना शेवटी जरा अडकल्यासारखी येते. चाकाचा अ‍ॅक्सल आणि तो चिमटून धरणारा पिंच बोल्ट दोन्ही आधीच आवळून टाकलेत, ते कारण असेल का?

प्रतिसाद १ :
तेच. पिंच बोल्ट आणि खालच्या टीचे (दोन्ही शॉकअप पकडणाऱ्या क्लॅम्पचे) बोल्ट ढिले कर, स्टँडवरून उतरव, पुढचा ब्रेक धरून आठ-दहा वेळा दणकून दाब, दोन्ही पाय आपापल्या जागी येतील, मग वरून खाली आवळत ये. पिंच सगळ्यात शेवटी. नवे पॅड पण पहिले दोनशे किमी हळूहळू बसव, लगेच घाटात नेऊ नकोस.

मूळ धागाकर्ता :
सुटलं. लोण्यासारखी वर येतेय. उद्या सकाळी खडकवासल्यापर्यंत जाऊन येतो, पाइपला टिश्यू गुंडाळून बघतो ओला होतोय का.