बाबांना ७२व्या वर्षी बीपीची गोळी, चालू करावी का?

नेरूळची_लेक:
मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी तपासणी केली त्यात बाबांचं बीपी १६४/९२ निघालं. फिजिशियन म्हणाले घरी आठवडाभर मोजा, घरी पण १५०च्या आसपासच येतंय, मग त्यांनी अ‍ॅम्लोडिपिन ५ लिहून दिली. गोळ्या आणल्यात पण बाबा हात लावत नाहीत. मला ना डोकेदुखी ना चक्कर, रोज ज्वेलला, म्हणजे इथल्या बागेत, चालतो, मला कसलं आलंय बीपी, आणि एकदा चालू केली की जन्माची मागे लागते, हे एकच पालुपद. आई शेजारच्या काकूंचं ऐकून सकाळी दुधीचा रस देतेय. मला वेगळीच धास्ती, गोळीने बीपी फार उतरलं आणि रात्री बाथरूमला उठताना पडले तर? कोणाच्या घरी इतक्या उशिरा चालू झालीय का?

पाचपाखाडी६८:
दुधीचं आधी सांगतो. रस कडू लागला तर थुंकून टाका, कडू दुधीच्या रसाने माणसं दगावलीयत. गोड असला तरी त्याच्यावर बीपी सोडू नका.
माझी गोळी साठी उलटल्यावरच चालू झाली. त्रास काही होत नव्हताच, बीपीचं तसंच असतं हो, एकदम लकवा मारतो तेव्हा कळतं. जन्माची लागते म्हणजे काय, चष्मा नाही लागत? आणि वय झालं आता कशाला, असं म्हणत असतील तर २००८ला हायव्हेट म्हणून अभ्यास आला होता तो सांगा, त्यात सगळे ८०च्या पुढचेच होते आणि गोळी घेणाऱ्यांत हार्ट फेल्युअर आणि मृत्यू दोन्ही कमी झाले.

काउंटरमागून_ठाणे:
मेडिकलमध्ये बसतो, रोज हेच बघतो. अ‍ॅम्लोडिपिनने काहींचे घोटे सुजतात, संध्याकाळी सॉक्सचा वळ उठतो. लोक घाबरून गोळीच बंद करतात, तसं न करता डॉक्टरांना सांगायचं, ते डोस कमी करतात नाहीतर गोळी बदलतात. गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक वगैरे चालू आहे का? त्यानेही बीपी चढतं. लो सोडियम मीठ मनाने आणू नका, त्यात पोटॅशियम असतं, किडनी कमजोर असेल किंवा टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी असेल तर ते वाढून बसतं. त्यापेक्षा पापड, लोणचं, फरसाण कमी करा (हे मी सांगतोय आणि पुढ्यात फरसाणाची पुडी आहे, असो).

सिस्टर_वाशी:
पडण्याची भीती बरोबर आहे, त्याचीच तपासणी करा ना. चहा नको, लघवीला जाऊन येऊ दे, पाठ टेकवून पाच मिनिटं गप्प बसवा, हात टेबलावर छातीच्या लेव्हलला, मग मोजा. नंतर उभं करून एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी परत. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर पहिली गोळी द्यायच्या आधी डॉक्टरांना कळवा.

नेरूळची_लेक:
आत्ता केलं. बसून १५२, उभं राहिल्यावर १२८!! चक्कर येते का विचारलं तर म्हणतात, जरासं हलकं वाटतं, ते काय नेहमीचंच.

सिस्टर_वाशी:
नेहमीचंच?? अजून कुठली गोळी घेतात का? प्रोस्टेटची वगैरे?

नेरूळची_लेक:
हो, रात्री टॅम्सुलोसिन असते. ते डॉक्टर वेगळे, फाइल वेगळी, या फिजिशियनच्या कागदावर ती कुठेच नाहीये.

सिस्टर_वाशी:
त्या गोळीनेही उभं राहिल्यावर बीपी उतरू शकतं. कुठलीच गोळी आपल्या मनाने बंद किंवा चालू करू नका, उद्याच फोन करा आणि दोन्ही आकडे सांगा. बीपीवर उपचार नकोत असा याचा अर्थ नाही हं, कुठली गोळी, किती आणि कधी ते ठरवतील. तोवर रात्री उठताना पलंगाच्या कडेला जरा बसून मगच उभं राहायचं आणि पॅसेजमधला दिवा चालू ठेवा.

नेरूळची_लेक:
सकाळीच करते. दोन्ही फाइली आणि घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरल्यात, आईचं आयुर्वेदिक चूर्ण पण टाकलंय. बाबा खूश आहेत, म्हणतात बघ, मी सांगत नव्हतो!