२५ वर्षं जुनी बोट, दोन मुलं, कायमचा मुक्काम : पैसे आधी कशात घालायचे?

घरदार_पाण्यात

१२ मीटरची, फायबरग्लासची, एका डोलकाठीची शिडाची बोट जवळपास ठरली आहे. वय २५ वर्षं. घर मोडून आम्ही चौघं (मुलं ५ आणि ९ वर्षांची) बोटीवरच राहणार, तेही मरीनात (धक्क्याला बांधून) नाही, बहुतेक नांगरावर. पहिलं वर्ष किनाऱ्याकिनाऱ्यानं, दुसऱ्या वर्षी कॅनरी बेटांवरून अटलांटिक ओलांडून कॅरिबियन. पाण्याच्या दोन टाक्या मिळून ४०० लिटर. बॅटऱ्या लेड-ॲसिड, थकलेल्या. आमची यादी अशी : वॉटरमेकर (खाऱ्याचं गोडं पाणी करणारं यंत्र), लिथियम बॅटऱ्या, ६०० वॉट सोलर, सॅटेलाइट इंटरनेट, छोटं वॉशिंग मशीन. सगळं एकदम परवडणार नाही. क्रम बरोबर आहे का? बोटीवरचं जगणं किती छान असतं ते भरपूर वाचून झालंय. आता आकडे हवेत.

तळ_आधी

यादीतली एकही वस्तू बिघडली तरी बोट बुडणार नाही. बोट ज्यानं बुडते किंवा डोलकाठी ज्यानं पडते, त्यातलं काहीच यादीत नाही.

बोट पाण्याबाहेर काढून सर्व्हे झाल्याशिवाय व्यवहार पक्का करू नका. सर्व्हेअर सहसा डोलकाठीवर चढत नाही, तेव्हा रिगिंगसाठी (डोलकाठी उभी धरणाऱ्या तारांसाठी) वेगळा माणूस लावा.

पहिले सीकॉक, म्हणजे तळातल्या भोकांवरच्या झडपा. तळाला जितकी भोकं तितके मोजा, प्रत्येक उघडून-बंद करून बघा. साध्या पितळेचे असतील तर समुद्राच्या पाण्यात त्यातलं जस्त झिरपून जातं आणि मागे सच्छिद्र तांबं उरतं. खरवडल्यावर गुलाबी रंग दिसला की समजा, हातोडीच्या एका टोल्यात तुटेल. कांस्याचे किंवा जस्त न सोडणाऱ्या पितळेचे बसवा. होजला दोन-दोन क्लिप, आणि प्रत्येक सीकॉकशेजारी त्याच मापाची लाकडी गुडदी (भोक बंद करायचं बूच) दोरीनं बांधलेली.

मग रिगिंग. स्टेनलेसच्या तारा १०–१२ वर्षांनी बदलायच्या असतात. पुष्कळ विमावालेही हेच विचारतात. तार मधे क्वचित तुटते. तुटते खालच्या स्वेजपाशी (टोकाला दाबून बसवलेल्या जोडापाशी), कारण पाणी तिथे उतरून साठतं. केसासारखी चीर, गंजाची रेघ, तुटलेला एकच धागा, काहीही दिसलं तर ती तार बाद. चेनप्लेट, म्हणजे तारा बोटीला जोडणाऱ्या पट्ट्या, त्याहून फसव्या. डेकमधून जाताना त्या सीलंटखाली ओल्या राहतात, तिथे हवा पोचत नाही, स्टेनलेसचा संरक्षक थर टिकत नाही आणि वर चकचकीत असलेली पट्टी आत अर्धी खाल्लेली निघते. किमान एक काढून बघाच. आतल्या कपाटात चेनप्लेटखाली पाण्याचे ओघळ दिसले तर सगळ्या काढा.

इंजिन : डिझेल टाकीच्या तळाशी पाणी असलं की त्यात जंतूंचा चिकट गाळ धरतो. शांत पाण्यात तो पडून असतो. लाटा लागल्या की ढवळतो, फिल्टर तुंबतो आणि इंजिन बंद पडतं, बहुधा बंदराच्या तोंडाशी. टाकी उघडून साफ करा, ८–१० फिल्टर जवळ ठेवा, इंधनातली हवा काढायला दोघंही शिका. इम्पेलरचं (इंजिन थंड ठेवणाऱ्या पंपातल्या रबरी चक्राचं) पातं तुटलं तर ते शोधून बाहेर काढल्याशिवाय नवा बसवू नका. तुकडा हीट एक्स्चेंजरमध्ये अडकतो.

ॲम्पचा_हिशेब

वरच्या क्रमाशी सहमत, पण वीज फार मागे ढकलू नका. थकलेल्या बॅटऱ्यांवर चौघांचं नांगरावरचं जगणं चार दिवसांत इंजिन चालवण्यावर येतं.

नांगरावरचा दिवस, १२ व्होल्टवर : फ्रिज ५ ॲम्प, उष्ण हवेत निम्मा वेळ चालू, म्हणजे ६० ॲम्प-तास. दिवे, पंखे, लॅपटॉप ४०. इंटरनेट ८ तास, अजून ४०. एकूण १४०. चालत्या बोटीत ऑटोपायलट एकटा दिवसाला १०० च्या आसपास खातो. लेड-ॲसिडमधली निम्मीच क्षमता वापरता येते, लिथियममधली ८० टक्के. ६०० वॉट सोलर चांगल्या उन्हात १५० ते २०० देतं, पण बूमची (शिडाखालच्या आडव्या दांड्याची) सावली एका पॅनलच्या कोपऱ्यावर पडली तरी त्याचं उत्पादन कोसळतं. म्हणून पॅनल मागच्या कमानीवर, आणि प्रत्येकाला स्वतंत्र कंट्रोलर. आधी सोलर, मग बॅटऱ्या.

वॉशिंग मशीन खोडा. एका धुण्याला ४०–५० लिटर, म्हणजे चौघांचं एका दिवसाचं पाणी. झाकणाची बादली पुरते.

पाणी : माणशी १२ लिटर धरले तर दिवसाला ५०, टाक्या ८ दिवस. पहिल्या वर्षी २० लिटरचे सहा कॅन आणि पावसाचं पाणी धरणारी ताडपत्री यावर निभतं. वॉटरमेकर लावून विसरण्याची वस्तू नव्हे. सुमारे ५५ बार दाबानं पाणी मेम्ब्रेनमधून (मीठ अडवणाऱ्या पडद्यातून) ढकलायचं असतं. दर ५–७ दिवसांनी चालवला नाही तर गोड्या पाण्यानं धुवावा लागतो. ते पाणी क्लोरीनचं असलं तर मेम्ब्रेन जातो, म्हणून आधी कार्बन फिल्टर. तेलकट बंदरात तर तो सुरूच करायचा नाही.

समुद्र ओलांडताना मात्र तो कामाचा. कॅनरी ते कॅरिबियन सुमारे २,७०० सागरी मैल. सरासरी ५.५ नॉट (ताशी सागरी मैल) धरली तर २१ दिवस. भांडी-अंघोळ खाऱ्या पाण्यात करून माणशी ६ लिटर, म्हणजे ५०० लिटर. तेवढं पाणी निघतानाच बोटीवर हवं, वॉटरमेकर असला तरी. तो राखीव साठ्याच्या जागी आहे, मूळ साठ्याच्या नाही.

घरदार_पाण्यात

मशीन खोडलं. दोन प्रश्न. आहे त्या अल्टरनेटरवर (इंजिनावरच्या जनित्रावर) लिथियम थेट चार्ज केली तर? आणि धाकट्यासाठी आपोआप फुगणारं लाइफजॅकेट चालेल का?

ॲम्पचा_हिशेब

थेट नको. लिथियम मिळेल तेवढा करंट ओढत राहते आणि अल्टरनेटर तापून जळतो. त्यात बीएमएसनं (बॅटरीच्या आतल्या संरक्षक सर्किटनं) मधेच बॅटरी तोडली तर व्होल्टेजची उसळी अल्टरनेटरचे डायोड उडवते. अल्टरनेटर स्टार्टरच्या लेड-ॲसिडलाच ठेवा, तिथून ३० ॲम्पचा डीसी-डीसी चार्जर लिथियमकडे. लिथियमच्या पॉझिटिव्हला लागूनच क्लास-टी फ्यूज. शॉर्ट झाली तर करंट हजारो ॲम्पमध्ये जातो, साधा फ्यूज तो तोडू शकत नाही.

साखळी_६०_मीटर

धाकट्याला फोमचंच, मानेमागे कॉलर आणि पायांमधून पट्टा असलेलं. पट्टा नसेल तर पाण्यात जॅकेट वर सरकतं आणि मूल खाली राहतं. कठड्याला सगळीकडून जाळी बांधा. डेकवरची जीवनरेषा (जिला माणूस स्वतःला अडकवतो ती) चपट्या पट्टीची असू द्या, गोल दोरी पायाखाली लोळते. मुलाचा टेदर (जीवनरेषेला अडकवायचा पट्टा) इतका आखूड की कठड्यापलीकडे जाताच येऊ नये. डिंगी (छोटी होडी) चालवणाऱ्याच्या मनगटाला किल-कॉर्ड (ओढली की इंजिन बंद करणारी दोरी), दहा मीटर जायचं असलं तरी. इंजिनाच्या पाण्यातल्या पंख्याच्या जखमा वाईट असतात.

यादीत नांगर कुठेच नाही, हे खटकलं. राहायचं नांगरावर, तर या बोटीला २०–२५ किलोचा आधुनिक नांगर आणि १० मिलिमीटरची ६० मीटर साखळी हवी. खोली ५ मीटर, त्यात भरती २, बोटीच्या नाकाची उंची १, झाले ८. त्याच्या पाचपट म्हणजे ४० मीटर साखळी सोडा, वारा वाढला तर आणखी. लोक भरती आणि नाक धरायला विसरतात, २५ मीटरवर थांबतात आणि पहाटे घसरतात. नांगर टाकल्यावर इंजिन हळूहळू मागे घेऊन किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत राहतात का ते बघा. साखळीला ८–१० मीटरचा नायलॉन स्नबर (झटके शोषणारा दोर) लावा, नाहीतर प्रत्येक झटका साखळी ओढणाऱ्या विंचला बसतो. नांगर-साखळी जोडणाऱ्या शॅकलची पिन तारेनं बांधलेली हवी.

गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की बिल्जमध्ये (बोटीच्या आतल्या तळाशी) साठतो. सिलिंडरच्या कप्प्याचं भोक बोटीबाहेरच उघडतं ना, ते याच आठवड्यात तपासा.

तळ_आधी

वेळापत्रकाचं राहिलं. उत्तर अटलांटिकचा चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. तो संपत आला की निघतात, आणि डिसेंबर–जानेवारीत व्यापारी वारे सहसा अधिक स्थिर मिळतात. पहिल्या ओलांडणीला तिसरा प्रौढ माणूस घ्या. दोघांनी तीन-तीन तासांचे वॉच (पहाऱ्याच्या पाळ्या) करून दिवसा मुलं सांभाळायची, तर पाचव्या दिवशी दोघंही झोपेअभावी चुका करायला लागतात.